वीस पैशांना एक लाख? आजीच्या पानाच्या डब्यातल्या नाण्यांसाठी मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरातून लिहितोय. आजी गेल्या चैत्रात गेली. परवा तिची ट्रंक आवरताना पानाचा पितळी डबा निघाला. कात-चुन्याच्या खणांत सुपारीऐवजी नाणी, एकूण एक्केचाळीस. काहींना अजून चुना चिकटलेला.

कमळाचे पितळी वीस पैसे सहा आहेत. षटकोनी तीन पैसे इतके हलके की फुंकरीनं उडतील. आठ कोनांचे चार आणे, १९२० चे. मध्ये भोक असलेला १९४४ चा पैसा काळ्या दोऱ्यात ओवलेला आहे. बाबा म्हणतात, लहानपणी तो त्यांच्या कमरेला होता. एक 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' आहे, मागे रामदरबार. आणि बोटाच्या पेराएवढं चांदीचं नाणं, त्यावर चारमिनार. आजीचं माहेर नळदुर्ग, म्हणजे निजामाचा मुलूख. तिथूनच आलं असणार. आत्यानं ते कौतुकानं चिंच-मीठ लावून लख्ख घासून ठेवलंय. काय बोलणार!

नेटवर फोटो टाकला आणि लगेच फोन. वीस पैशांच्या एकेका नाण्याला एक लाख देतो, आधी नोंदणीचे २,१०० पाठवा. रिझर्व्ह बँकेचं म्हणून एक पत्रही धाडलं, शिक्क्यासकट. बाबा म्हणतात, पाठव की. मी कसंबसं थोपवलंय. मधल्या मारुतीजवळ एका सराफाला चारमिनार दाखवलं, तर त्यानं काट्यावर टाकून मोडीचा भाव सांगितला. खरं काय समजायचं?

ढब्बू पैसा: दमडी पाठवू नका. रिझर्व्ह बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, त्यासाठी शुल्कही घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं तसा जाहीर इशारा दिलाय. कमळाचे वीस पैसे १९६८ ते १९७१ या काळात ढिगानं पाडले. त्यात सोनं असतं ही आवई, धातू मुख्यतः तांब्याच्या मिश्रणाचा. साधी वापरलेली नाणी विक्रेत्यांकडे शंभराच्या आत मिळतात. रामदरबार तर कंपनीचं नाणंच नव्हे, देवाधर्माचं टोकन. देव्हाऱ्यात ठेवा.

हाली सिक्का: सराफ चांदी तोलतो, त्याचं चुकलं नाही. तुम्ही भिंग घेऊन चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. मराठी तीन उलटा काढल्यासारखं अक्षर असेल तर तो उर्दू 'ऐन', निजाम उस्मान अलीचा. गोल डोकं आणि खाली शेपूट असेल तर 'मीम', त्याच्या वडिलांचा, महबूब अलीचा. साल हिजरी असतं, आकडे अरबी. आकारावरून चवली वाटते, म्हणजे दोन आणे. साधारण सात हाली, म्हणजे निजामाचे रुपये, बरोबर सहा कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचे रुपये, असा तेव्हा हिशेब.

अष्टकोनी चार आणे १९१९ ते १९२१ चे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून तांबं-निकेलचे पाडले. त्याच धातूचे गोल आठ आणे १९१९-२० चे आहेत का ते डब्यात पुन्हा शोधा, ते जास्त दुर्मीळ. आणि आत्याला हात जोडून सांगा, आता काही घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाकडे निम्म्यावर येते, मळकं चालतं.

धागाकर्ता: दोघांचे आभार. फोनवाल्याला ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून आला! आठ आणे नाहीत, खण उलटे करून पाहिले. घरात भिंग नव्हतं, आजीच्या चष्म्याची काच धरली. उलटा तीनच आहे, पण घासून घासून कड पुसट झालीय. सालाचे पहिले दोन आकडे १३, पुढचे ओळखता येईनात. संध्याकाळी उजेड तिरका आला की फोटो काढून टाकतो. भोकाचा पैसा मात्र त्यात नसेल, तो बाबांनी मागून घेतलाय.