बाळाची हाडं ठिसूळ आहेत असं निदान झालंय, मुंबईत कुठे न्यावं आणि घरी सांभाळायचं कसं? सल्ला हवाय

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे, आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. ती ७ महिन्यांची असताना उजव्या दंडाचं हाड मोडलं. अंगात झबलं घालताना बाहीतून हात ओढला होता मी, तेवढ्यानंच. प्लास्टर लागलं, लवकर जुळलं पण, आम्हीही विसरून गेलो. आता मागच्या आठवड्यात भिंतीला धरून उभी होती, बसकन खाली बसली आणि मांडीचं हाड मोडलं. पडली नाही हो, फक्त बसली.

पहिल्या दवाखान्यात आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं की घरात कोणी मारतं का बाळाला. त्यांना विचारावंच लागत असेल, पण त्या रात्री मी आणि हे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरे बघायच्या आधी तिचे डोळे बघितले. पांढरा भाग निळसर आहे तिचा, आम्हाला आजवर वाटायचं किती सुंदर डोळे आहेत. ते म्हणाले ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असावा, म्हणजे जन्मापासूनच हाडं ठिसूळ. सध्या छातीपासून पायापर्यंत प्लास्टर आहे.

सासूबाई म्हणतात मालिशवाल्या मावशींनी पाय ओढले म्हणून असं झालं. त्यांना तसं बोलल्यावर मावशी रडत गेल्या, परत आल्या नाहीत.

न्यावं कुठे? एक जण म्हणतात प्लेट टाका, एक जण म्हणतात रॉड. आणि खरं सांगते, मला तिला उचलायचीच भीती वाटायला लागलीय.

निळाई:
ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, हाच आजार. सगळं सांगते पण आधी एक काम करा, त्या मावशींना आजच फोन करा. ही चूक मालिशची नाही, तुमचीही नाही. हाडात जे कोलॅजन नावाचं प्रथिन असतं ना, ते बनवायची सूचनाच गर्भापासून चुकलेली असते. बहुतेकांत सीओएल१ए१ नाहीतर सीओएल१ए२ या जनुकात बिघाड सापडतो आणि कित्येकदा आईबाबा दोघांतही तो नसतो, बाळातच नव्यानं झालेला असतो. आमच्याकडे पण आधी आत्यावर, मग माझ्या डोहाळ्यांवर खापर फुटलं. जेनेटिक टेस्टचा कागद हातात आला तेव्हा घर शांत झालं. ती टेस्ट करून घ्या, पुढच्या बाळाचा विचार असेल तरी उपयोगी पडते.

मुंबईत परळला वाडिया आणि केईएम शेजारी शेजारी आहेत. वाडिया लहान मुलांचंच हॉस्पिटल आहे. केईएम हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स, म्हणजे अशा आजारांसाठी नेमलेलं खास केंद्र आहे आणि त्या यादीत या आजाराच्या औषधाचा उल्लेख आहे, तेव्हा खर्चाचं तिथे आवर्जून विचारा. मोठ्यांची हाडं बघणारे डॉक्टर कितीही नावाजलेले असोत, यासाठी लहान मुलांचेच ऑर्थोपेडिक हवेत, आणि सोबत हाडांच्या औषधाचं बघणारे बालरोगतज्ज्ञ. मिरजेहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालात तर सकाळी दादरला उतरता येतं. प्लास्टरमधलं बाळ आहे, खालचाच बर्थ घ्या.

औषध म्हणजे सलाईनमधून देतात ते पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं, म्हणजे जे हाड आहे ते जास्त टिकतं. कोलॅजन मात्र सुधारत नाही, आजार मुळातून जात नाही, हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं. आमच्या पहिल्या डोसला १०२ ताप चढला, मी घाबरून डॉक्टरांना रात्री दोनला फोन केला. पहिल्या वेळी असा ताप येतो बऱ्याच मुलांना, पुढच्या डोसांना आला नाही. त्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघितलंय ना हे विचाराच.

पोलादी_पोर:
मी ३४ वर्षांची आहे, मला स्वतःला हा आजार आहे, अमरावतीला बँकेत नोकरी करते. प्लेटबद्दल अनुभवातून सांगते. ११ वर्षांची असताना मांडीत प्लेट आणि स्क्रू टाकले होते. आठ महिन्यांनी प्लेट जिथे संपते त्याच्या जरा खाली हाड मोडलं. नंतरच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून दाखवलं, कडक भाग संपून ठिसूळ सुरू होतो तिथेच सगळा ताण येतो. रॉड हाडाच्या पोकळीतून लांबवर आधार देतो. लहान मुलांसाठी सरकणारा रॉड असतो, नळीत सरकणारी दांडी, एक टोक हाडाच्या वरच्या बाजूला आणि दुसरं खालच्या, हाड वाढतं तसा तो पण लांबतो. फासिए-डुवाल म्हणून माँट्रिअलला तयार झालेला प्रकार आहे. पण १४ महिन्यांच्या बाळाला लगेच ऑपरेशन लागेलच असं नाही, हाड वाकत असेल किंवा तिथेच परत परत मोडत असेल तेव्हा विचार करतात. दुसरं मत घेतल्याशिवाय प्लेटला हो म्हणू नका ताई, अगदी मनापासून सांगते.

आणि प्लास्टर गरजेपेक्षा जास्त दिवस नको. या आजारातही हाड साधारण नेहमीच्याच वेळेत जुळतं. मला दर वेळी "अजून एक महिना राहू दे, काळजी म्हणून" असं करायचे आणि न हलल्यानं हाड अजून विरळ व्हायचं, मग प्लास्टर काढलं की दुसरीकडे मोडायचं. माझी तीन वर्षं अशी खाटेवर गेली. शाळा पण बंद केली होती घरच्यांनी, प्रेमापोटीच, पण त्याचं दुःख मला फ्रॅक्चरपेक्षा जास्त आहे. या आजाराचा कानावरही परिणाम होऊ शकतो, तेव्हा कानाची तपासणी मात्र पुढे वेळच्या वेळी करत रहा, मला पंचविशीत कमी ऐकू यायला लागलं.

फिजिओ_नाशिक:
उचलायची भीती सगळ्यांनाच वाटते, पण न उचलणं हा उपाय नाही. हालचालीनं हाड आणि स्नायू दोन्ही घट्ट होतात, आणि बाळाला आईची कूस लागतेच. लंगोट बदलताना दोन्ही पाय घोट्यांना धरून वर उचलतो ना आपण, ते कायमचं बंद. कुल्ल्यांखाली तळहात सरकवून उचला. काखेत धरून वर घ्यायचं नाही. एक पंजा मानेखाली आणि पाठीखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, बोटं पसरलेली, म्हणजे वजन एका जागी येत नाही. झबलं पुढून पूर्ण उघडणारं शिवून घ्या, आणि बाहीत आधी आपला हात घालून बाळाचा पंजा हलकेच हातात घ्या, मग बाही त्याच्यावरून सरकवा. हात ओढून बसवायचं नाही, पांगुळगाडा नाही, जबरदस्तीनं उभं करणं नाही. ती स्वतःहून करेल ते करू द्या.

डॉक्टरांकडून आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन पर्समध्ये ठेवा. पुन्हा फ्रॅक्चर झालं आणि नवीन दवाखान्यात गेलात तर ती आधी दाखवा, म्हणजे तो मारहाणीचा प्रश्न परत ऐकावा लागणार नाही. बीपीचा पट्टा हात आवळतो, तो लावायच्या आधी पण सांगायचं.

निळाई:
चिठ्ठीचं अगदी खरं. आमची लॅमिनेट केलेली आहे, एक शाळेत बाईंकडे पण असते.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस रडत वाचतेय. वाडियाला फोन झाला, पुढच्या गुरुवारी जातोय. प्लेटवाल्या डॉक्टरांना सध्या नाही म्हणून कळवलं.

काल मी स्वतः मावशींच्या घरी गेले. त्या आज आल्या, सासूबाईंनीच चहा ठेवला. फिजिओताईंनी सांगितलं तसं मी हात खाली घालून उचलून दाखवलं, मग मावशींनी उचललं. त्यांनी एक विचारलंय, नुसतं तेल लावलं, न ओढता, तर चालेल का?

फिजिओ_नाशिक:
डॉक्टरांना एकदा विचाराच, पण तळहातानं हलकेच तेल पुसायला साधारण हरकत नसते. दाब नको, सांधे वळवणं नको, हातपाय एकमेकांवर घेऊन ताणायचा तो व्यायाम तर अजिबात नको. सध्या मोकळ्या अंगालाच लावा, प्लास्टरच्या कडेतून आत तेल जाऊ देऊ नका, आत खाज सुटली तर बाळाला सांगता येत नाही.