फक्त प्लेऑफ्सपुरतं बास्केटबॉल बघणाऱ्यांनी फायनल कशी बघावी?

मक्याचं_शेत | ३ जून २०२५

नमस्कार मंडळी. मी इंडियानापोलिसच्या उत्तरेला, फिशर्समध्ये राहते. बास्केटबॉल वर्षभर बघत नाही. थंडीत आमच्या घरात पेसर्सचं, म्हणजे इथल्या एनबीए संघाचं, नावही निघत नाही. एप्रिलमध्ये प्लेऑफ्स, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, लागले की मात्र टीव्हीसमोरून उठवत नाही. यंदा तर संघ फायनलला पोचलाय. याआधी २००० साली पोचला होता, तेव्हा लेकर्सकडून हरला. परवा ओक्लाहोमा सिटीत पहिली मॅच आहे.

यंदा सोबतीला बाबा आहेत, सांगलीहून आलेत. तरुणपणी भरपूर कबड्डी खेळलेत. फायनलच्या आधीच्या फेरीतली न्यूयॉर्कविरुद्धची पहिली मॅच आम्ही दोघांनी मिळून बघितली. तीन मिनिटंही उरली नव्हती आणि आपण १४ने मागे. आई म्हणाली, झोपा आता. मग आपला नीस्मिथ लांबून एकामागून एक बास्केट टाकत सुटला. अगदी शेवटच्या क्षणी आपल्या हॅलिबर्टनचा चेंडू रिंगवर आपटून सरळ वर उडाला आणि खाली येऊन आत पडला. हॅलिबर्टनला वाटलं जिंकलो, तो पेसर्सच्या जुन्या स्टार रेजी मिलरची ती गळा धरायची खूण करत पळाला. बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पाय रेषेवर होता त्याचा, दोनच मिळणार." आणि दोनच मिळाले, रेषेमागून टाकला असता तर तीन. बरोबरी झाली, मग ओव्हरटाइममध्ये १३८-१३५ जिंकलो. बोनस रेषेकडे बघण्यात ज्याची उमर गेली, त्याची नजर आधी पायांवर जाते.

मला मात्र फक्त चेंडू दिसतो. ऑफिसात सीझन तिकीटवाले लोक आहेत, ते दुसऱ्या दिवशी जे बोलतात ते सगळं चेंडूपासून लांब घडलेलं असतं. ते कसं बघायचं? बाबांचा प्रश्न असा की शेवटची दोन मिनिटं वीस-वीस मिनिटं का चालतात, आणि मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल का करतो. ओक्लाहोमाने साध्या मोसमात ८२पैकी ६८ मॅचेस जिंकल्यात, आपण ५०. मग आशा कशाच्या जोरावर ठेवायची?

आणखी एक, हे खरंच मनापासून विचारते. डिसेंबरात हरणारा संघ ज्यांनी रोज बघितला, त्यांच्या बरोबरीने आनंद करायचा हक्क मला आहे का?

हडसनकाठ | ३ जून

जर्सी सिटीहून. त्याच मॅचला मी न्यूयॉर्क निक्सचा शर्ट घालून बसलो होतो. १४ची आघाडी होती, घरात पेढे काढले होते. आमची शेवटची फायनल १९९९ची आणि शेवटचं विजेतेपद १९७३चं, त्यामुळे ती रात्र फार जड गेली. तरी सांगतो, हक्काबिक्काचा विचार करू नका. आमच्या इमारतीतले निम्मे लोक मे महिन्यातच निक्सचे होतात आणि मला ते फार आवडतं. लिफ्टमध्ये कुणाशी तरी बोलता येतं. हॅलिबर्टनला माझा नमस्कार सांगा. मिलवॉकीलाही त्याने शेवटच्या सेकंदालाच घरी पाठवलं होतं.

सकाळी_सहाची_मॅच | ४ जून

मी नागपाड्यात वाढलो. आमच्याकडे मुलं क्रिकेटच्या आधी मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर जातात. आता पुण्यात असतो. तुमच्याकडे रात्री साडेआठला सुरू होणारी मॅच इथे सकाळी सहाला लागते, ती बघून कामावर जातो.

आधी पेसर्सशी आपलं नातं सांगतो. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले. सॅक्रॅमेंटो किंग्स विरुद्ध तुमचे पेसर्स. पहिल्या मॅचला स्टँडमध्ये बहुतेक शाळकरी मुलं होती आणि पेसर्सनी ती ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ जिंकली. दुसरी मी आत बसून बघितली, तीही पेसर्सनीच जिंकली. किंग्सचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. पुढच्याच वर्षी या किंग्सनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, हॅलिबर्टनला बाराव्या क्रमांकावर घेतलं आणि फेब्रुवारी २०२२मध्ये तुमच्या सबोनिसच्या बदल्यात तुम्हाला देऊन टाकलं. तेव्हा इंडियानातही लोक सबोनिससाठी हळहळले होते.

आता चेंडूचं. पुढच्या मॅचला एक करा: पहिला अख्खा क्वार्टर फक्त हॅलिबर्टनकडे बघा, चेंडू त्याच्याकडे नसतानासुद्धा. ओक्लाहोमाचा लू डॉर्ट त्याला सावलीसारखा चिकटेल. मग पेसर्सचा एखादा उंच खेळाडू, टर्नर किंवा सियाकम, वर येऊन डॉर्टच्या वाटेत उभा राहील. ही स्क्रीन. आता त्या उंच माणसाला गार्ड करणारा काय करतो ते बघा. तो पुढे आला तर त्याच्या मागे जागा उघडी पडते, मागे थांबला तर हॅलिबर्टनला शॉट मिळतो. प्लेऑफ्सचं निम्मं बास्केटबॉल या एका क्षणात असतं.

ती स्क्रीन लावायला कोण येतो, तेही महत्त्वाचं. न्यूयॉर्कविरुद्ध पेसर्स मुद्दाम निक्सचा ब्रन्सन ज्याला गार्ड करतोय त्यालाच बोलवायचे. अदलाबदलीत ब्रन्सन किंवा टाउन्स समोर आला की त्याच्यावर चाल करून जायचे. निक्सचे हे दोघं हल्ल्यात सगळ्यात भारी आणि बचावात कच्चे. रोज वेगळ्या गावात वेगळ्या संघाशी खेळताना कोच हे इतकं खणत बसत नाही. तोच संघ पुन्हापुन्हा समोर येतो तेव्हा लपवलेलं सगळं बाहेर येतं. म्हणूनच ६८ आणि ५० हे आकडे थोडे बाजूला ठेवा. डेन्व्हरविरुद्ध सातव्या मॅचला ओक्लाहोमाने योकिचसमोर कुणाला उभं केलं? कॅरूसोला! साडेसहा फूटही नसलेला गार्ड, जवळजवळ सात फुटी माणसासमोर. साध्या मोसमात असं दिसत नाही.

आशा कशाच्या जोरावर? पेसर्स पळतात. हरत असले तरी पळतात, आणि कोच कार्लाइल नऊ-दहा जणांना खेळवतो, त्यामुळे चौथ्या क्वार्टरला समोरच्यांचे पाय जड झालेले असतात. १४ची पिछाडी फुटली ती नीस्मिथच्या हाताने, पण न्यूयॉर्कला तोवर दमवलं होतं दहा जणांनी मिळून. भीती मात्र खरी आहे. ओक्लाहोमा चेंडू हिसकावण्यात या मोसमात सगळ्यात वरचढ आहे, आणि पळणाऱ्या संघाच्या हातून चेंडू सुटतोच.

हक्काबद्दल मला वेगळंच वाटतं. प्लेऑफ्स बघणारा माणूस अर्धवट चाहता असतो हे मला पटत नाही. एका मालिकेत तेच दहा-बारा चेहरे जास्तीत जास्त सात वेळा बघायला मिळतात. तिसऱ्या मॅचपर्यंत कोण डावीकडे जातो, कोण उजवीकडे, हे तुम्हालाही कळतं. खेळ शिकायला याहून चांगली जागा नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेसर्स १० जिंकून १५ हरले होते. त्या मॅचेस ज्यांनी बघितल्या त्यांचा आनंद तुमच्या येण्याने कमी होणार नाही, तुम्ही निःशंक ओरडा.

शिट्टी_वाजली | ४ जून

बाबांचं उत्तर मी देतो, शाळेच्या मॅचेसना पंच असतो. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट पडलं तरी घड्याळ थांबतं, एरवी बहुतेक वेळ चालू राहतं. शिवाय प्रत्येक कोच टाइमआउट राखून ठेवतो. मागे असलेला संघ फाऊल का करतो? शॉट टाकायला २४ सेकंद मिळतात, समोरच्याने चेंडू हातात धरून ते सगळे काढले तर वेळ संपतो. फाऊल केला की घड्याळ थांबतं, समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता टाकायचे शॉट) म्हणजे जास्तीत जास्त दोन गुण, आणि चेंडू आपल्याकडे. आपण तीनवाला टाकला की एक गुण भरून निघतो. म्हणून शोधून शोधून अशा माणसाला फाऊल करतात ज्याचे फ्री थ्रो कच्चे आहेत. बाबांना पुढच्या वेळी सांगा, बघा आता कुणाला धरतात.

मक्याचं_शेत | १२ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या मॅचला पूर्वार्धातच आपण १९ वेळा चेंडू घालवला. सकाळी_सहाची_मॅच, तुमचं भविष्य तंतोतंत. बाबा तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका माणसाकडे बघत होते, फक्त त्यांनी हॅलिबर्टन सोडून आपल्याच नेम्हार्डला धरलं. मॅचभर आपण एकदाही पुढे नव्हतो, आणि ०.३ सेकंद असताना हॅलिबर्टनच्या शॉटने १११-११०.

काल तिसरी मॅच इथे झाली. आपल्या मॅककॉनेलने बाकावरून येऊन पाच वेळा चेंडू चोरला. ओक्लाहोमाचा माणूस बास्केट खाल्ल्यावर निवांत चेंडू आत द्यायला गेला की हा मधेच हात घालतो. मला ते घडायच्या आधी दिसलं! मी "आता जाईल बघा" म्हणाले आणि तो गेला. मालिकेत २-१ने पुढे आहोत. आज ऑफिसात त्या लोकांच्या टेबलावर जाऊन बसले आणि अर्धा तास बोलले.

मक्याचं_शेत | २४ जून

सातवी मॅच ९१-१०३ हरलो. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा उजव्या पायाचा अकिलीज, म्हणजे टाचेवरची शीर, तुटला. पोटरी दुखावलेली असताना तो सहाव्या मॅचलाही खेळला होता आणि ती आपण १०८-९१ने जिंकली. सातवीत पडायच्या आधी त्याने तीन तीनवाले टाकले होते. तो जमिनीवर हात आपटत होता तेव्हा बाबांनी आवाज बंद केला, कबड्डीत त्यांनी हे बघितलंय. पण मॅच पूर्ण बघितली. मध्यंतराला आपण एका गुणाने पुढे होतो आणि मॅककॉनेलने नंतरही सोडलं नाही. मला वाईट वाटतंय आणि ते दडवायचं नाही. हा संघ मला फार आवडला.

बाबा ऑगस्टमध्ये परत जातील. पुढच्या मोसमात सांगलीत बसून किती वाजता बघावं लागेल, विचारतायत. साध्या मोसमातल्याही चालतील म्हणे.

सकाळी_सहाची_मॅच | २४ जून

काल मीही दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. बाबांना सांगा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात. मग इंडियानाच्या घरच्या बहुतेक मॅचेस आपल्याकडे सकाळी साडेपाच-सहाला. त्याआधी ऑक्टोबरात साडेचार, ते जरा कठीण. हॅलिबर्टन बराच काळ नसेल, तर नेम्हार्डवरच डोळा ठेवा म्हणावं. चेंडू त्याच्याच हातात जास्त येणार. आणि त्यांना या धाग्यावर यायला सांगा, मला सहा वाजता बोलायला कुणीतरी हवंच आहे.