भारहुतचा ‘कठडा’ की ‘वेदिका’?

लिपिका: मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपाविषयीचा मजकूर मराठीत आणताना स्तूपाभोवतीच्या दगडी कुंपणाला ‘कठडा’ लिहिलं. तपासणीत त्याचं ‘वेदिका’ झालं. पण वेदिका म्हटलं की वाचकाला यज्ञाची वेदी आठवते. कोणता शब्द ठेवावा?

दगडवेडा: वेदिकाच. कठडा जिन्याला, गच्चीला, विहिरीला असतो. कोणी पडू नये म्हणून. भारहुतचे स्तंभच सात फुटांचे आहेत, टेकून उभं राहायची ती जागा नव्हे. प्रदक्षिणापथ बाहेरच्या जगापासून वेगळा करणं हे तिचं काम. बांधणीही बघा. दोन स्तंभांमध्ये तीन आडव्या सूची, म्हणजे आडवे दगड. सूचीचा छेद मसुरासारखा, मधे फुगीर आणि कडांना निमुळता. स्तंभाच्या बाजूला त्याच आकाराची खाच. त्यामुळे सूची मागाहून सरकवता येत नाही. एक स्तंभ उभा करायचा, तीन सूची बसवायच्या, मग पुढचा स्तंभ. शेवटी वरून उष्णीष, म्हणजे स्तंभांच्या माथ्यावरून जाणारा आडवा दगड, स्तंभाच्या माथ्यावरचं कुसू (खाचेत बसणारं टोक) त्याच्या पोटातल्या खाचेत जाईल असं.

उभाधागा: ही तर सरळ सुताराची जोडणी झाली! मग ‘कठडा’ जास्त जवळचा. काष्ठ, काठ, कठडा. लाकडी कुंपणाची दगडी नक्कल आहे, तर लाकडातून आलेला शब्द का नको?

दगडवेडा: कठडा नदीच्या काठातला, म्हणजे कडेचा, असंही म्हणता येईल. आणि व्युत्पत्ती जुळली तरी आजचा अर्थ बदलत नाही.

प्राकृतवाला: वेदिका हा संस्कृतातून मागाहून लादलेला शब्द आहे असं कोणी समजू नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका भिक्षुणीच्या दानलेखात ‘वेयिका दानं’, म्हणजे प्राकृतात ‘वेदिकेचं दान’, असं कोरलंय. तिथली वेदिका कातळातच उठावात कोरलेली. ना खाच, ना सूची, ती कोणाला अडवतही नाही. तरी दान देणारी तिला वेयिकाच म्हणते. ‘कठडा’ इथे बसवून दाखवा.

लिपिका: हे पटलं. पण मग भाग कसे लिहू? ‘सूची’ म्हणजे वाचकाला यादी वाटते.

प्राकृतवाला: भारहुतच्या लेखांत ‘थभो दानं’, ‘सुचि दानं’ असंच येतं. एकेक खांब, एकेक आडवा दगड वेगवेगळ्या माणसांनी दिलेला. ‘आडवी सूची’ लिहा, चित्र समोर असेल तर पुरे. खरा घोळ उष्णीषाचा. बुद्धमूर्तीच्या मस्तकावरचा उंचवटाही उष्णीषच. ‘उष्णीषावर वेल कोरली आहे’ एवढंच लिहिलंत तर वाचक मूर्तीचं डोकं शोधत बसेल, आणि भारहुतला तर बुद्ध मानवी रूपात नाहीच. बोधिवृक्ष, धर्मचक्र, पावलं अशा खुणांनी दाखवलाय. ‘वेदिकेचा उष्णीष’ असं पूर्ण लिहा.

उभाधागा: तोरणाचंही तेच. मराठीत तोरण आंब्याच्या पानांचं. सांचीच्या मोठ्या स्तूपाची चार तोरणं दगडी, दोन खांब आणि तीन आडव्या तुळयांची. ‘तोरणद्वार’ म्हणावं.

दगडवेडा: द्वार कशाला? मूळ शब्द पुरेसा आहे. सोपं करण्याच्या नादात आपण शब्दाला शेपट्या जोडतो.

प्राकृतवाला: सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी ‘रूपकंमं’, म्हणजे कोरीवकाम, केल्याचा लेख आहे. दंतकार म्हणजे हस्तिदंतावर कोरणारे. तिथल्या बारीक कोरणीत तो हात दिसतो. मला वाटतं ‘नक्षीकाम’ सोडून ‘रूपकाम’ रुजवावा. नक्षी फारसीतून आलेली.

उभाधागा: नक्षी शेकडो वर्षं मराठीत नांदतेय, तिला बाहेरची म्हणणं मान्य नाही. पाथरवटही नक्षीच म्हणतो. आणि नक्षी म्हणजे वेलबुट्टी. रूपकामात आकृती आल्या. दोन्ही ठेवा.

प्राकृतवाला: आकृतींसाठी ‘शिल्प’ आहेच, मग रूपकाम वेगळं काय सांगेल, हे आधी ठरवा. कमळाच्या पाकळ्या रूपात धरायच्या की नक्षीत?

लिपिका: उष्णीषाचं लिंगही सांगा. ‘वेदिकेचा’ की ‘वेदिकेचं’? दोन्ही वाचलंय.