सड्यावर (कातळाच्या माळावर) चरणाऱ्या पित्या वासरांना खुराक कसा द्यावा?

राजापूरहून प्रश्न: कोकण कपिला गायी सड्यावर चरतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की दूध आटतं, वासरं रोडावतात. आईखाली पिणाऱ्या वासरांना वेगळा खुराक द्यायचाय, पण गायी आधी फस्त करतात. काय करावं?

कुडाळहून उत्तर: गायी बसतात तिथंच, सावलीत, बांबूचा आडोसा करा, खुराक आत ठेवा. आत शिरायची फट साधारण सव्वा फूट रुंद, वर तीन फुटांवर आडवा बांबू घट्ट बांधा. मोठं वासरू शिरलं पाहिजे, गाय खांद्याशी अडली पाहिजे. तसं मापून फट कमीजास्त करा.
१० किलो मिश्रणाला मक्याचा भरडा ५ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर वासराला रोज मूठभर, तिसऱ्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धा किलो. एकदम वाढवलंत तर पोटात आम्ल होऊन हगवण लागते. शेजारी स्वच्छ पाणी हवंच, त्याशिवाय वासरू खुराक खात नाही.

देवगडहून उत्तर: दादा, पेंड नीट बघून घ्या. आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि तिचं विष वासराच्या यकृतावर जातं. कुबट वास आला की फेकाच, उन्हात वाळवून ते विष जात नाही. युरिया असलेलं मोठ्या गुरांचं खाद्य या वयात अजिबात नको. आणि आधी जंत! जन्मानंतर दहाव्या-पंधराव्या दिवशी पशुवैद्यकाकडून वजनाप्रमाणे औषध द्या, नाहीतर खुराक जंतच खातात.