कॅसेटी कापण्याआधी एकदा ऐका

जुन्या कॅसेटी जोडून दिव्याची शेड करायची तुमची कल्पना फार आवडली. पारदर्शक कॅसेटींतून उजेड सुरेख झिरपतो. जळगावची आमची वहिनी डिझायनर आहे. ती फीतही फेकत नाही, क्रोशाने विणून पिशव्या करते. ६० मिनिटांच्या कॅसेटमधून जवळपास ९० मीटर फीत निघते, म्हणजे माल भरपूर!

पण घरी रेकॉर्ड केलेल्यांना कात्री लावण्याआधी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याच. आमच्या एका कॅसेटवर आजीने म्हटलेली कानबाई या खानदेशातल्या देवीची अहिराणी बोलीतली गाणी आहेत, मध्येच कुकरची शिट्टी आणि "चाल रे, जेवाले!" अशी हाक. हे बाजारात कुठे मिळणार? फीत सैल पडली असेल तर आधी पेन्सिलीने हळूहळू गुंडाळा, मगच प्लेअरमध्ये घाला.