इंग्रजीतून आकडे शिकायचे आहेत, मदत हवी आहे

केळीपट्टा_सावदा: नमस्कार. मी सावद्याजवळच्या एका केळी पॅकिंग केंद्रात हिशेब लिहितो. मला इंग्रजीतून आकडे शिकायचे आहेत आणि ते लवकर यायला हवेत. वन ते टेन येतात, पुढे गोंधळ उडतो. लहान मुलांची गाणी कृपया सुचवू नयेत, ती सगळी ऐकून झाली आहेत.

गुरुजी_धुळे: रोज पहाटे वन ते हंड्रेड मोठ्याने म्हणावे. पावकी-निमकी आम्ही याच रीतीने पाठ केली आणि ती आजही विसरलेलो नाही.

गणितताई_यावल: गुरुजी, आपला मान राखून सांगते, क्रमाने पाठ केलेल्या माणसाला मधलाच आकडा विचारला की तो पुन्हा वनपासून सुरुवात करतो. दादा, गोंधळ बोलताना होतो की ऐकताना, आणि आकडे नेमके कशाचे आहेत, हे आधी सांगा.

केळीपट्टा_सावदा: दोन्ही वेळा होतो. फोनवर पेटीचे वजन थर्टीन सांगितले की थर्टी, हे कळत नाही. बोलताना मनात पंचाहत्तर असते आणि तोंडातून फिफ्टी-सेव्हन निघते. कंटेनरचा नंबरही सांगावा लागतो.

नंदुरबारकर: फॉर्टीच्या स्पेलिंगमध्ये यू नसतो, फोरमध्ये मात्र असतो. पुष्कळ जण इथे चुकतात.

गणितताई_यावल: त्यांची अडचण स्पेलिंगची नाही. दादा, पंचाहत्तर म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि सत्तर नंतर. इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी येते, म्हणून तुमचे पाच आणि सात जागा बदलतात. थर्टीन ते नाइन्टीन एवढ्याच आकड्यांत एकक आपल्यासारखे आधी येते. सर्वांत जास्त फसवतात ते एकोणवाले आकडे. एकोणऐंशी म्हणताना कानावर ऐंशी पडते आणि तोंडातून एटी-नाइन निघते, पण लिहिलेला आकडा ७९ असतो. म्हणून मराठी शब्द मनात न आणता कागदावरचा आकडा डावीकडून वाचा: सात दिसले की सेव्हंटी, मग नाइन.

गुरुजी_धुळे: बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात तेवीससाठी ‘वीस तीन’ असे वाचन दिले, त्यामागे हाच विचार होता. मला ते तेव्हाही पटले नव्हते. इंग्रजी यावी म्हणून तेवीस, एकोणऐंशी हे शब्द मुलांच्या तोंडून जाऊ नयेत.

गणितताई_यावल: शब्द जावेत असे मीही म्हणत नाही, गुरुजी. यांना फक्त इंग्रजी बोलताना ती सवय बाजूला ठेवायची आहे.

निर्यात_जळगाव: सावद्याच्या भाऊंना कामाचे सांगतो. थर्टीनमध्ये शेवटचा ‘टीन’ लांब आणि ठसक्यात येतो, तर थर्टीमध्ये जोर पहिल्या ‘थर’वर असतो आणि ‘टी’ आखूड असते. तरीही फोनवर खात्री वाटत नसेल, तर ‘वन-थ्री की थ्री-झिरो?’ असे सरळ विचारावे; त्यात कोणी कमीपणा मानत नाही. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरे आणि सात अंक असतात आणि ते अंक सुटे सुटेच वाचायचे, त्यामुळे तिथे तुमचे वन ते नाइन आणि झिरो पुरेसे आहेत. रकमेत मिलियन आले तर ते दहा लाख धरावेत.

केळीपट्टा_सावदा: नंबर सुटा वाचायचा असतो हे मला कोणी सांगितलेच नव्हते. आमची पेटी १३ किलोचीच असते, तेव्हा उद्यापासून वन-थ्री म्हणूनच विचारतो. ताई, एकोणवाले सगळे आकडे एका कागदावर लिहून काढले आहेत; ते उलटसुलट क्रमाने विचारायला घरात कोणी नसेल तर काय करावे?

गणितताई_यावल: चिठ्ठ्या करून डब्यात टाका आणि एकेक उचलून वाचा. चुकलेली चिठ्ठी परत डब्यात जाऊ द्या.