तिकीट पुढे पाठवताना नोंदीत काय हवं

आयटी सपोर्टमध्ये एल१ (तक्रार पहिल्यांदा घेणारी टीम) कडून एल२ (पुढच्या पातळीची टीम) कडे तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, गेलं की वापरकर्त्याला तेच प्रश्न पुन्हा विचारतात, ही वापरकर्त्यांची तक्रार रास्त आहे. दोष बहुतेकदा नोंदीचा असतो. ‘व्हीपीएन चालत नाही, कृपया पाहा’ (व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारं सुरक्षित कनेक्शन) यावरून पुढच्याला काय कळणार? ‘१०:४० पासून एरर ६९१, पासवर्ड रीसेट केला, त्याच खात्याने दुसऱ्या लॅपटॉपवर कनेक्ट होतं’ असं लिहिलं (६९१ म्हणजे लॉगिन नाकारलं गेलं), तर खातं ठीक आहे हे लगेच कळतं आणि त्या लॅपटॉपवर सेव्ह असलेला जुना पासवर्ड किंवा ऑथेंटिकेशनची (ओळख पडताळण्याची) सेटिंग तपासता येते. करून पाहिलेले पण फसलेले उपायही लिहाच.

आणि तिकीट थेट एकाच्या नावावर टाकू नका, ग्रुपच्या क्यूमध्ये (टीमच्या सामाईक यादीत) टाका. तो माणूस रजेवर असला तर तिकीट कुणाला दिसत नाही, एसएलएचं (तक्रार सोडवायच्या ठरलेल्या मुदतीचं) घड्याळ मात्र चालूच राहतं.